रॉथ्कोचा उडालेला लाल

अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्को याने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्ड विद्यापीठासाठी भिंतीएवढ्या चित्रांची एक मालिका रंगवली. त्यांतली पाच चित्रे १९६४ साली होल्योक सेंटर या इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या भोजनकक्षात लावली गेली. खिडक्या मोठ्या होत्या, ऊन मुबलक होते आणि पडदे बहुधा उघडेच राहत. १९७९ साली चित्रे उतरवून अंधाऱ्या कोठारात हलवावी लागली, तोवर त्यांतल्या दाट किरमिजी रंगाची जागोजाग फिकट निळी छटा झाली होती. पंधरा वर्षांत एका थोर चित्रकाराचा लाल रंग उडून गेला होता.

दोष एका रंगद्रव्याचा होता, हे रासायनिक तपासणीतून निष्पन्न झाले. त्याचे नाव लिथॉल रेड. कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून बनवलेला हा कृत्रिम सेंद्रिय रंग १८९९ साली जर्मनीत तयार झाला आणि छपाईच्या शाईत खूप चालला. शाईला तो पुरेसा होता, कारण छापील कागद कोणी वर्षानुवर्षे उन्हात ठेवत नाही. गेरूचा लाल म्हणजे लोहाचे ऑक्साइड. प्रकाशाने मोडावे असे त्यात फारसे काही नसते, म्हणून तो हजारो वर्षे टिकतो. लिथॉल रेडच्या रेणूत मात्र नायट्रोजनच्या दोन अणूंमधला बंध रंगाला आधार देतो. प्रकाशाने रेणूचा हा भाग मोडला की लाली संपते. रॉथ्कोने त्यात अल्ट्रामरीन हा टिकाऊ निळा मिसळला होता. लाल गेला, निळा उरला.

असे रंगद्रव्य ओळखायचे कसे? रंगावर क्ष-किरण सोडले की त्यातले प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देते. शिसे, कॅडमियम, टायटॅनियम यांचा ठाव त्यामुळे चित्राला हातही न लावता लागतो. सेंद्रिय रंग मात्र कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे असतात आणि तिथे ही पद्धत तोकडी पडते. मग टाचणीच्या टोकाएवढा कण घेऊन अवरक्त किरणांनी किंवा रामन वर्णपटमापनाने रेणूची ओळख पटवतात. रामन वर्णपटमापनाचा पाया सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली शोधलेला परिणाम आहे.

कारण कळले, तरी उपाय दिसत नव्हता. रॉथ्कोने या चित्रांवर व्हार्निश दिलेले नाही. वरून रंग लावला तर तो थेट मूळ थरात मुरेल आणि पुन्हा कधीच काढता येणार नाही. शिवाय रॉथ्कोच्या पातळ, एकावर एक चढवलेल्या थरांवर दुसऱ्याच्या हाताचा कुंचला फिरला, तर ते चित्र त्याचे राहील कसे?

हार्वर्डच्या संग्रहालयातील स्ट्रॉस संवर्धन केंद्राचे येन्स स्टेंगर व नारायण खांडेकर आणि एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्यासह एका गटाने जो मार्ग काढला, तो मला चित्रसंवर्धनाच्या इतिहासातला फार मोठा पराक्रम वाटतो. रासकर मूळचे नाशिकचे, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. या चित्रांच्या १९६४ सालच्या रंगीत पारदर्शिका उपलब्ध होत्या, पण त्यांचेही रंग उतरले होते. बाझल विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी ते संगणकावर सावरले. मालिकेतले सहावे चित्र कधीच टांगले गेले नव्हते. त्याचे शाबूत रंग ताळा करायला उपयोगी पडले. मग कॅमेऱ्याने आजचे चित्र टिपायचे, मूळ रंगाशी बिंदूगणिक फरक काढायचा आणि प्रोजेक्टरमधून नेमका तेवढाच रंगीत प्रकाश त्या बिंदूवर टाकायचा. नोव्हेंबर २०१४मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयात ही चित्रे पुन्हा किरमिजी झाली. कापडाला कोणी स्पर्शही केला नव्हता. रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करत, म्हणजे चित्रांची खरी अवस्थाही लोकांना पाहता येई.

प्रत्येक वेळी गुन्हेगार प्रकाशच असतो असे नाही. ओस्लोच्या मुंक संग्रहालयातील सुमारे १९१०च्या ‘किंकाळी’ या मुंकच्या चित्रातला पिवळा रंग फिकटतो आहे, पोपडे धरतो आहे. हा रंग कॅडमियम सल्फाइडचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की तिथे मुख्य कारण आर्द्रता आहे. सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवावी, असा सल्ला संशोधकांनी दिला. दिवे आणखी मंद करून तिथे फारसे साधले नसते.

या सगळ्या तपासाला तुलनेसाठी अस्सल नमुने लागतात. हार्वर्डमध्ये एडवर्ड फोर्ब्ज यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जमवलेला रंगद्रव्यांचा संग्रह आहे. आज त्यात अडीच हजारांहून अधिक नमुने आहेत. प्रत्येक रंग कधी बाजारात आला, हे ठाऊक असले की बनावट चित्रही उघडे पडते. जॅक्सन पोलॉकची म्हणून पुढे आलेली तीन चित्रे हार्वर्डने तपासली आणि २००७ साली अहवाल दिला: त्यांतली काही द्रव्ये पोलॉकच्या हयातीत मिळतच नव्हती. तो १९५६ साली वारला होता.

फोर्ब्ज यांच्या या संग्रहात भर पडतच असते. ओरेगॉन स्टेट विद्यापीठात मास सुब्रमणियन यांच्या प्रयोगशाळेत २००९ साली योगायोगाने हाती लागलेला, यिट्रियम, इंडियम आणि मँगनीज यांचा निळा रंगही आता हार्वर्डच्या काचेच्या बाटल्यांमध्ये आहे.