लवंग टोचलेले संत्रे

नाताळच्या आधीच्या आठवड्यांत इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांतील घरांतून आई-बाप, आजी-आजोबा आणि मुले एकाच मेजाभोवती बसून झाडावर टांगण्यासाठी ज्या सुगंधी वस्तू स्वहस्ते तयार करतात, त्यांपैकी दालचिनीची पूड सफरचंदाच्या गरात मळून कापलेल्या चांदण्या किंवा मधमाश्यांच्या मेणाच्या ओतीव आकृती यांचे मला कौतुक आहेच. परंतु कित्येक वर्षे माझे कुतूहल ज्या एका वस्तूभोवती घोटाळत राहिले आहे, ती म्हणजे सालीत लवंगा टोचून, वाळवून, फितीने लटकावलेले अखंड संत्रे. मुलांचा सुटीतला विरंगुळा म्हणून त्याची बोळवण करण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. मूठभर लवंगा लहान मुलांच्या स्वाधीन निर्धास्तपणे करता याव्यात इतकी लवंग स्वस्त होईपर्यंत हा खेळ सामान्यांच्या घरी खेळ म्हणून येऊच शकत नव्हता. म्हणून या आभूषणाचा इतिहास हा वस्तुतः लवंगेच्या भावाचा इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे.

सुगंधी द्रव्यांचा गोळा चांदीच्या जाळीदार डबीत घालून गळ्यात किंवा कमरेला अडकवण्याची मध्ययुगीन युरोपातील चाल सर्वश्रुत आहे, आणि दूषित हवेने महामारी पसरते या तत्कालीन समजुतीत तिचे मूळ होते हेही नव्याने सांगायला नको. संत्र्याची गोष्ट मात्र थोडी निराळी. आठव्या हेन्रीचा सर्वाधिकारी मंत्री कार्डिनल वुल्सी याच्या पदरी असलेल्या जॉर्ज कॅव्हेंडिश या सेवकाने पुढे आपल्या धन्याचे जे चरित्र लिहिले, त्यात कार्डिनलची स्वारी न्यायसभेकडे निघाली की त्याच्या हाती एक संत्रे असे, त्यातला गर काढून तेथे शिरक्यात भिजवलेला स्पंज भरलेला असे, आणि अर्जदारांची गर्दी अंगावर आली की तो ते नाकाशी धरी, असे बारकाईने नमूद केलेले आहे. हे संत्रे औषधी होते. त्यात सणाचा आनंद नव्हता, आणि घरातल्या माणसांचा हातही नव्हता.

सणाचे संत्रे मला सापडले ते एका नाटुकल्यात. 1616 च्या नाताळात पहिल्या जेम्सच्या दरबारी बेन जॉन्सनने एक प्रहसनवजा रूपक सादर केले. त्यात म्हातारा नाताळ आपल्या दहा मुलांना घेऊन राजाच्या भेटीस येतो, आणि ही मुले म्हणजे सणातल्या एकेका रीतीची सजीव रूपे असतात. कोणी गीत, कोणी पक्वान्न, कोणी पत्त्यांचा डाव, तर कोणी नववर्षाची भेट. हे कुटुंब दरबारात उभे राहते न राहते तोच मुलांच्या सामग्रीत उणिवा निघू लागतात. पत्त्यांच्या डावाजवळ पत्ते पुरे नाहीत. आणि नववर्षाच्या भेटीजवळ संत्रे आहे, रोझमेरीची डहाळी आहे, पण संत्र्यात टोचायला एकही लवंग नाही! राजवाड्याच्या मसाल्याच्या कोठीतून ती मागवावी, असे बाप आधी सुचवतो. मग त्याला आठवते की लवंगा आपल्या बटव्यातच आहेत, कारण तोंडात लवंग धरल्यावाचून तो कधी घराबाहेर पडतच नाही.

या चार-सहा ओळींच्या संवादावर विद्वानांनी फारसे लक्ष दिलेले मला आढळले नाही. माझ्या मते मात्र तो पहिल्या प्रतीचा दस्तऐवज आहे. लवंगेवाचून संत्रे अपुरे ठरते ही गोष्ट प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाटककाराला भासली नाही, म्हणजे ही भेट तेव्हा लंडनमध्ये परिचित आणि रूढ होती. त्याचबरोबर, संत्रे मुलाच्या हाती असले तरी लवंग बापाच्या बटव्यात आहे, आणि पहिला विचार राजाच्या कोठीचा येतो; जिन्नस किती मोलाचा होता याची याहून चोख रुजुवात कोणत्या जकातखात्याच्या दफ्तरात मिळणार? तोंडातील लवंगेचा उल्लेख तर विड्याला लवंग टोचणाऱ्या आपल्या समाजाला अगदी घरचाच वाटावा.

लवंग महाग होती याचे कारण एकच, ती जगाच्या पाठीवर फक्त मोलुक्का बेटांत पिकत होती. तेथे आधी फिरंग्यांनी आणि मग वलंदेजांनी वखारी घातल्या, इंग्रजांच्या कंपनीनेही आपल्या एका गलबताचे नाव चक्क ‘लवंग’ असे ठेवून ते त्या मुलखात धाडले, आणि या चुरशीची परिणती अशी झाली की 1623 मध्ये अंबॉयना बेटावरील वलंदेज अंमलदारांनी कटाच्या आरोपावरून 10 इंग्रजांचा शिरच्छेद केला. पुढे 1652 च्या करारनाम्याने तेर्नातेच्या सुलतानाला तनखा बांधून देऊन त्याच्या मुलखातील लवंगेची झाडे तोडून टाकण्याचा अधिकार वलंदेज कंपनीने मिळवला. लागवड अंबॉयना आणि लगतच्या काही बेटांपुरती आवळली गेली, आणि कोठे चोरून झाड वाढते आहे काय हे पाहण्यासाठी होड्यांचे तांडे फिरू लागले. मक्तेदारीचा इतका निर्दय प्रयोग मसाल्याच्या व्यापारातही विरळाच.

याच अंबॉयना बेटावर, याच कंपनीच्या चाकरीत, गेओर्ग एबरहार्ड रुम्फियस हा जर्मन मनुष्य 1654 च्या सुमारास येऊन पोहोचला आणि तेथील वनस्पतींच्या वर्णनात त्याने उभे आयुष्य घालवले. 1670 मध्ये त्याची दृष्टी गेली; 1674 च्या भूकंपात त्याची पत्नी सुझाना आणि एक मुलगी मरण पावली; 1687 च्या आगीत त्याची चित्रे भस्म झाली; 1692 मध्ये हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज फ्रेंचांनी बुडवले, आणि बटाव्हियाच्या गव्हर्नर-जनरलने आधीच नक्कल करवून घेतली होती म्हणूनच ग्रंथ वाचला. ज्या पत्नीने वनस्पती गोळा करण्यात साह्य केले तिचे नाव त्याने एका शुभ्र पुष्पाला दिले, आणि जळालेल्या चित्रांच्या जागी नवी चित्रे काढण्यात त्याचा मुलगा पाउलुस यानेही हातभार लावला. या आंधळ्या पंडिताला पाने-फुले ओळखण्यासाठी स्पर्श आणि गंध एवढीच साधने उरली होती, हे ध्यानात घेऊन लवंगेविषयीचे त्याचे प्रकरण वाचावे. तो 1702 मध्ये वारला. कंपनीने दीर्घकाळ अडवून ठेवलेला त्याचा ग्रंथ 1741 पासून छापला जाऊ लागला. त्याच बेटांतील कारागीर लवंगा ओवून शिडे, डोलकाठ्या आणि वल्हेकरी यांसह चिमुकली गलबते करीत आले आहेत. लवंगेचे लेणे घडवण्याची कल्पना युरोपच्या नाताळाचीच मिरास आहे असे मानणाऱ्यांनी संग्रहालयांतील ही गलबते अवश्य पाहावीत.

मक्तेदारी अखेर मोडली ती चोरीने. 1770 मध्ये प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या माणसांनी मोलुक्कांतून लवंगेची रोपे मॉरिशसला पळवली, आणि एकोणिसाव्या शतकात ती ओमानच्या सुलतानांच्या छत्राखाली झांजिबार आणि पेम्बा येथे फोफावली. लवंग स्वस्त झाली, युरोपातील मध्यमवर्गाच्या घरांत आली, मुलांच्या हाती पडली. पण ही स्वस्ताई गुलामांच्या श्रमावर उभी होती, हे विसरून त्या संत्र्याच्या गोडव्याचे वर्णन करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. झांजिबारात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता 1897 मध्ये संपली. त्यानंतरचा एक तंटा तर थेट मुंबईच्या बाजारात येऊन थडकला: 1937 मध्ये झांजिबारच्या सरकारने लवंगेच्या निर्यातीची खरेदी उत्पादक संघाच्या हाती एकवटली, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेथे व्यापार करणाऱ्या हिंदी व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय आला, आणि काँग्रेसने झांजिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला. हिंदुस्थान हे त्या लवंगेचे मोठे गिऱ्हाईक असल्याने घाव वर्मी लागला आणि 1938 मध्ये तडजोड झाली. परदेशी कापडाची होळी आपल्या स्मरणात आहे. आपल्या घरांनी मसाल्याच्या डब्यातली लवंगही एकदा राजकारणासाठी नाकारली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी, कारण हे घरी करून पाहावे असा माझा आग्रह आहे. आपले नागपुरी संत्रे खाण्यास अप्रतिम असले तरी या कामी उपयोगाचे नाही. त्याची साल गरापासून सुटी असल्यामुळे टोचताना फाटते. घट्ट सालीची, पिवळसर झालेली, डाग नसलेली मोसंबी घ्यावी. लवंग बोंडासकट असावी आणि नखाने दाबली असता तेल सुटावे. बोंड गळालेली, तेल काढून घेतलेली लवंग बाजारात सर्रास मिळते, ती घेऊ नये. मोठ्यांनी जाड सुईने किंवा दातकोरणीने सालीत भोके पाडावीत आणि मुलांनी त्यांत लवंगा बसवाव्यात. अशी वाटणी न केल्यास कोवळी बोटे लवकरच हुळहुळू लागतात. फीत बांधण्यासाठी चार बाजूंनी रुंद पट्टी मोकळी सोडावी, आणि लवंगांमध्ये किंचित अंतर राखावे, कारण फळ आकसत जाते तशा त्या आपोआप एकमेकींना भिडतात.

नंतर ते फळ दालचिनीच्या पुडीत घोळवायचे. पाश्चात्त्य घरांत त्या पुडीत आयरिसच्या वाळलेल्या मुळीचे चूर्ण मिसळतात, त्याने गंध टिकून राहतो. आपल्याकडे ती मुळी सहज मिळत नसल्याने दिवाळीच्या उटण्यातून उरलेला नागरमोथा वापरावा, कारण गंध धरून ठेवण्याचा गुण त्यातही आहे. मग फळ जाळीवर ठेवून, रोज उलटसुलट करीत, हवेशीर जागी काही आठवडे वाळवावे. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य बुरशीला अटकाव करते. परंतु कोकणच्या दमट हवेत त्याच्यावरच भिस्त ठेवू नये, आणि जेथे लवंगा विरळ बसल्या असतील तेथे पहिल्या आठवड्यात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. देशावर, कार्तिक-मार्गशीर्षाच्या कोरड्या थंडीत, काम बरेच सुकर होते. दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे होताच मोसंबी आणली, तर ती नाताळापर्यंत टांगण्याजोगी कडक वाळते.