'पब्लिक' म्हणजे नेमके कोण?

राज्यकारभाराच्या इंग्रजीत 'पब्लिक'इतका राबलेला शब्द क्वचितच सापडेल. मराठी शासनव्यवहाराने त्याला एकाच प्रतिशब्दात कोंबण्याचे टाळले, हे शहाणपणच. नोकरभरतीत तो 'लोक'सेवा होतो, रस्ते-इमारतींच्या खात्यात 'सार्वजनिक', फौजदारी खटल्यात 'सरकारी' वकील. 'पब्लिक सेक्टर' म्हणजे सरकारी मालकी. 'पब्लिक लिमिटेड' कंपनी मात्र बहुधा खासगी भांडवलाची. 'पब्लिक स्कूल'चे शुल्क भरणाऱ्या पालकाला आणखी निराळाच अर्थ उमगतो. कोलकात्यात हा घोळ शब्दकोशापुरता राहिला नाही. ३४ वर्षांची डावी राजवट उलथण्यात त्याचा वाटा होता.

२००६ मध्ये बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या सरकारने टाटा मोटर्सच्या छोट्या मोटारीच्या कारखान्यासाठी कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये सुमारे ९९७ एकर जमीन संपादित केली, तीही १८९४ च्या कायद्याखाली. त्या कायद्यात दोन वाटा होत्या. एक सार्वजनिक प्रयोजनाची. दुसरी कंपनीसाठीची, अधिक कडक चौकशीची आणि कराराची. वाट कोणती, हे बव्हंशी मोबदला कोणाच्या पैशातून जातो यावर ठरे. १९६२ च्या सोमवंती खटल्यात पंजाब सरकारने घातलेले अवघे १०० रुपये सर्वोच्च न्यायालयाला प्रयोजन 'सार्वजनिक' ठरविण्यास पुरेसे वाटले होते! १९८४ च्या दुरुस्तीने सरकारी महामंडळाचा पैसाही सार्वजनिक महसुलात धरला. सिंगूरमध्ये पैसे पश्चिम बंगाल औद्योगिक विकास महामंडळाने दिले. कागदोपत्री प्रश्न मिटला.

शेतात तो मिटला नाही. मोबदला नाकारणारे 'अनिच्छुक' शेतकरी उभे राहिले. डिसेंबर २००६ मध्ये ममता बॅनर्जी यांनी धर्मतल्यात २५ दिवसांचे उपोषण केले. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी सिंगूर सोडून गुजरातेतील साणंद गाठले. (त्याआधीच्याच महिन्यात रायगडमध्ये पेण परिसरातील गावकऱ्यांचा महामुंबई 'सेझ'बाबतचा कौल मतदानाने घेण्यात आला होता. 'पब्लिक'ला थेट विचारण्याची ती दुर्मीळ घटना.) २०११ मध्ये बंगालमध्ये सत्तांतर झाले.

३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे संपादन रद्द केले. मात्र या एका शब्दावर खंडपीठातच दुमत झाले. न्या. व्ही. गोपाल गौडा यांच्या मते जमीन एका विशिष्ट कंपनीसाठी घेतली गेली. महामंडळाच्या नावाने ते लपत नाही. न्या. अरुण मिश्रा यांच्या मते रोजगार आणि उद्योगवाढ हे सार्वजनिक प्रयोजनच. एकमत झाले ते शेतकऱ्यांच्या हरकतींची सुनावणी नीट झाली नाही, यावर. म्हणजे 'पब्लिक'चा अर्थ अनिर्णितच राहिला आणि जमीन परत गेली ती सदोष प्रक्रियेमुळे. मोबदला स्वीकारलेल्यांकडून तो परत न घेण्याचा, न स्वीकारलेल्यांना तो उचलण्याची मुभा देण्याचा आदेशही झाला. दहा वर्षे ते जमिनीला मुकले होते.

दरम्यान २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली. व्याख्येपेक्षा डोकी मोजणे संसदेला अधिक भरवशाचे वाटले असावे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये लवादाने टाटा मोटर्सला ७६५.७८ कोटी रुपये आणि सप्टेंबर २०१६ पासून ११ टक्के व्याज देण्याचा निवाडा दिला. देणेकरी तेच औद्योगिक विकास महामंडळ, ज्याचा पैसा १९८४ च्या दुरुस्तीने 'पब्लिक'चा ठरविला होता.