पंच खाली येतो तेव्हा लक्ष पुरत नाही

पॉवर प्रेसवर बोट गमावून आलेल्या कामगाराला कारखान्यात, घरात आणि कधी कधी रुग्णालयातही पहिला प्रश्न एकच विचारला जातो, ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ कामगार मान खाली घालतो. चूक आपलीच झाली, असे त्याला मनापासून वाटत असते. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, कुपवाड अशा औद्योगिक पट्ट्यांत पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवणारी लहानमोठी वर्कशॉप जागोजागी आहेत. तिथल्या प्रेसवर काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या यंत्रापुढे माणसाने कितीही लक्ष दिले तरी ते कमी पडते, कारण आपल्या मज्जासंस्थेचा वेगच तेवढा नाही.

प्रेसच्या बाजूला एक जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, सतत फिरत असते. पायाने पेडल दाबले की क्लच पकडतो, चाकाची ताकद रॅमला मिळते आणि त्याला बसवलेला पंच खाली येऊन डायवरचा पत्रा कापतो किंवा त्याला आकार देतो. अनेक जुन्या प्रेसमध्ये क्लच एकदा पकडला की पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. पंच अर्ध्यावर थांबवण्याची सोयच नसते. मिनिटाला ६० स्ट्रोक मारणाऱ्या प्रेसचा एक फेरा एका सेकंदात होतो आणि त्यातल्या अर्ध्या सेकंदात पंच खाली पोहोचतो. डोळ्यांना धोका दिसल्यापासून हाताचे स्नायू हलायला लागेपर्यंत निरोगी, ताज्यातवान्या तरुणालाही सुमारे पाव सेकंद लागतो. हात बाहेर काढायला मिळतो तो उरलेला पाव सेकंद, आणि तोही धोका अगदी पहिल्या क्षणी दिसला तर. रात्रपाळीत किंवा ओव्हरटाइमच्या शेवटच्या तासात तेवढाही मिळत नाही.

आता आकड्यांचा हिशेब करा. मिनिटाला १० पीस हा तसा बेताचाच वेग. तरीही सात तासांत हात ४,२०० वेळा डायजवळ जातो आणि पाय ४,२०० वेळा पेडल दाबतो. इतक्या वेळा होणारी हालचाल मेंदू विचार करून करत नाही. ती सवयीच्या हवाली होते. सायकल चालवताना आपण प्रत्येक पायडलचा विचार करत नाही, तसेच हे. हातपायांचा एक ठेका जमतो आणि त्यामुळेच काम भराभर होते. मग एखादा पीस डायमध्ये चिकटतो. तो काढायला हात क्षणभर जास्त आत राहतो, पण पाय ठेक्यावर चालूच असतो. अपघात होतो तो असा. याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही, मेंदूचे कामच असे चालते.

दुसरे कारण तर पूर्णपणे यंत्राचे असते. क्लचची पिन झिजली, स्प्रिंग ढिली पडली किंवा ब्रेक नीट पकडत नसला, तर पेडल एकदाच दाबूनही पंच दोनदा खाली येतो. कामगारांच्या भाषेत मशीन ‘डबल मारते’. तयार पीस उचलायला हात आत गेलेला असतानाच दुसरा स्ट्रोक येतो. मशीन डबल मारते आहे, हे बऱ्याचदा आधीपासून ठाऊक असते. दुरुस्तीसाठी ती थांबवली तर माल अडतो, म्हणून काम रेटले जाते.

हात आत जाऊच नये

म्हणून सुरक्षिततेचा खरा उपाय ‘सावध राहा’ या पाटीत नाही. पंच खाली येताना हात तिथे पोहोचूच शकणार नाही, अशी रचना यंत्रालाच असावी लागते. पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही, एवढीच फट ठेवणारी पक्की जाळी हा सर्वांत साधा आणि भरवशाचा गार्ड. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबावी लागली, तर हात आपोआप बाहेर राहतात. मात्र एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले की हा उपाय निकामी होतो.

नव्या प्रेसवर प्रकाशकिरणांचा पडदा असतो. किरण तुटला की प्रेस थांबते. हा पडदा डायपासून किती लांब हवा, याचे गणित आहे. त्यात हाताचा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर धरतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर निदान ३२ सेंटिमीटर अंतर हवेच. जुन्या, पूर्ण फेऱ्याच्या क्लचवर मात्र असा पडदा बसवून उपयोग नाही. किरण तुटला तरी ती प्रेस मध्येच थांबू शकत नाही. तिथे जाळीच हवी, आणि पीस काढायला चिमटा किंवा चुंबक हवा. हातमोज्यांनी पत्र्याच्या धारेपासून बचाव होतो, कित्येक टनांच्या दाबापासून नाही.

प्लॅस्टिकच्या मोल्डिंग मशीनवर धोक्याचे रूप थोडे वेगळे असते. मोल्ड बंद होताना हात सापडला तर तो चिरडतो आणि भाजतोही, कारण वितळलेले प्लॅस्टिक २०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्यासाठी मशीनला दरवाजा असतो आणि तो उघडला की मशीन थांबते. वेळ वाचवण्यासाठी त्याचा लिमिट स्विच बांधून ठेवला, तर तो दरवाजा असून नसल्यासारखा. स्क्रॅप दळणाऱ्या ग्राइंडरची पाती बटण बंद केल्यावरही काही काळ फिरत राहतात. अडकलेला माल काढण्यापूर्वी मेन स्विच बंद करून पाती पूर्ण थांबल्याची खात्री करायला हवी.

प्रेस शॉपच्या गोंगाटाचाही या अपघातांशी संबंध आहे. वर्षानुवर्षे त्या आवाजात राहिल्याने कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. सुरुवातीला ४,००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर ऐकू येईनासे होतात. साधे बोलणे ऐकू येत असल्याने माणसाला ते कळतही नाही. पण क्लचचा बदललेला आवाज किंवा सहकाऱ्याची हाक निसटून जाते. कानात इअरप्लग आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी, हा बोटे वाचवण्याच्या उपायांचाच भाग आहे.

पहिला तास

अपघात झालाच, तर पहिल्या काही मिनिटांत काय केले यावर बरेच अवलंबून असते. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवा. अंगठी असेल तर सूज येण्यापूर्वी काढा. हळद, कॉफी पावडर, ऑइल यांपैकी काहीही जखमेत घालू नका. बोटाला तार किंवा सुतळी आवळून बांधू नका. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने खायला-प्यायला देऊ नका.

तुटलेले बोट शोधून सोबत न्या. ते सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा नुसत्या पाण्यात टाकले, तर पेशी खराब होतात. नीट थंड ठेवलेले बोट काही तास टिकते. बोटात स्नायू जवळजवळ नसल्याने ते तुटलेल्या हातापेक्षा जास्त वेळ तग धरते.

पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जपानमध्ये १९६५ मध्ये झाली. यात सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या शिवाव्या लागतात. शिअरिंग मशीनवर सरळ कापलेले बोट जुळण्याची शक्यता अधिक असते. प्रेसखाली चेंगरलेल्या बोटाच्या रक्तवाहिन्या लांबपर्यंत फाटतात, त्यामुळे ते प्रत्येक वेळी जोडता येत नाही. पण हा निर्णय शल्यविशारदाचा असतो. बोट गेलेच असे समजून ते कारखान्यातच टाकून येऊ नका. जोडल्यानंतर तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी पूर्ण बंद. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडलेले बोट काळे पडू शकते.

केसपेपरवर खरे लिहा

उपचारांइतकेच कागदालाही महत्त्व आहे. ‘घरी दारात बोट सापडलं असं सांग, खर्चाचं आम्ही बघू,’ असे जखमी माणसाला सांगितले जाते. घाबरलेला माणूस तसे सांगतो, केसपेपरवर तेच लिहिले जाते आणि पुढे हक्काची भरपाई अडते. इजा कुठे, कोणत्या यंत्रावर, किती वाजता झाली हे डॉक्टरांना खरे सांगावे आणि कागदाची प्रत जपून ठेवावी.

ईएसआय योजनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. कामावर झालेल्या इजेच्या लाभासाठी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही. पहिल्या दिवशी झालेली इजाही धरली जाते. बरे होईपर्यंत सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. बोट कायमचे गेले, तर कमाईची क्षमता जितकी घटली त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा लाभ मिळतो. कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण अंगठ्यासाठी ३० टक्के, तर्जनीसाठी १४, मधल्या बोटासाठी १२ आणि अनामिका किंवा करंगळीसाठी ७ टक्के नुकसान धरले आहे. ईएसआय लागू नसेल, तर कामगार भरपाईचा दावा करता येतो. तो दोन वर्षांच्या आत करावा लागतो. ठेकेदाराचा माणूस म्हणून मूळ कारखान्याची जबाबदारी संपत नाही. ईएसआय कार्ड मात्र कामावर लागतानाच मागून घ्यावे. अनेकांच्या हातात ते अपघातानंतरच पडते, असे ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या ‘क्रश्ड’ या अहवालांत दिसून आले आहे.

यंत्राच्या धोकादायक भागाला गार्ड हवाच, ही मालकाची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आली आहे. गार्ड काढून काम करायला लावले जात असेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. पाळी सुरू होताना डाय रिकामी ठेवून आठ-दहा स्ट्रोक मारून पाहावेत. पेडलवर काही पडून ते चुकून दाबले जाऊ नये म्हणून वर झाकण आहे का, गार्ड जागेवर आहे का, चिमटा हाताशी आहे का, तेही पाहावे. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात. मशीन एकदा जरी डबल मारली, तरी ती बंद करून सुपरवायझरला बोलवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या मशीनवर कोणीही बसू नये.