मार्चमधली घरची शाळा

मुंबईत जूनमध्ये सुरू झालेली घरची शाळा फेब्रुवारी सरता सरता मंदावते. श्रद्धेपोटी मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती पालकांना वर्षाचे शेवटचे दोन-अडीच महिने सर्वांत जड जातात. उकाडा वाढलेला असतो, गणिताचे पुस्तक निम्म्यावर अडलेले असते आणि माटुंग्यासारख्या शिक्षणाला जपणाऱ्या वस्तीत शेजारची मुले वार्षिक परीक्षेच्या तयारीला लागलेली असतात. ‘तुमचं किती झालं?’ हा जिन्यातला साधा प्रश्नही मग तपासणीसारखा वाटतो.

या थकव्याचे मूळ घरच्या शाळेच्या रचनेतच आहे. शाळेत तास बदलला की शिक्षक बदलतो. सहामाही, स्नेहसंमेलन, पालकसभा असे टप्पे वर्ष पुढे नेतात. घरी हा सगळा भार एकाच माणसावर, बहुधा आईवर, येतो आणि जोडीला स्वयंपाकघर असतेच. ख्रिस्ती पालकावर आणखी एक ओझे असते. मूल ही देवाने सोपवलेली ठेव आहे असे मानल्यामुळे शिकवण्याचा कंटाळा आला की तो आपल्या श्रद्धेतला उणेपणा वाटू लागतो. ही गल्लत घातक आहे. थकलेल्या शरीरावर अपराधी भावनेने जोर लावला तर शिकवणे आणि प्रार्थना दोन्ही रुक्ष होतात. विसावा ही दहा आज्ञांपैकीच एक आज्ञा आहे, आणि नेमकी तीच अशा वेळी विसरली जाते.

मुंबईच्या शालेय वर्षाचा शेवट आणि लेंटचा उपवासकाळ साधारण एकत्रच येतात. लेंटचा पहिला दिवस, म्हणजे राखेचा बुधवार, ४ फेब्रुवारी ते १० मार्चदरम्यान पडतो, ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलदरम्यान. उपवासाचे चाळीस दिवस मोजताना रविवार धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा दिवस मानला जातो. चौथ्या रविवारी कॅथलिक याजकांना जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे घालण्याची मुभा असते. उपवास संपत नाही, पण हलका होतो. लांबलेले व्रत माणसाने कसे पेलावे याचे शेकडो वर्षांचे शहाणपण या मोजणीत आहे आणि घरच्या शाळेला ते थेट लागू पडते. रविवार अभ्यासापासून पूर्ण मोकळा, मध्यावर एक हलका आठवडा आणि ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात फक्त वाचन, गायन व उपासना अशी आखणी केली तर ईस्टरनंतरचे दिवस रेटावे लागत नाहीत.

विस्कटलेली घरची शाळा सावरण्याचे धडे जुन्या घरांतूनही मिळतात. इंग्लंडमधील एपवर्थच्या सुझाना वेस्ली (१६६९–१७४२) यांच्या घरात रोज सहा तास शाळा भरे. मेथडिस्ट चळवळीचे जॉन आणि चार्ल्स वेस्ली हे त्यांचे पुत्र. १७०९ मध्ये घर जळाले, मुले निरनिराळ्या कुटुंबांत विखुरली आणि कष्टाने लावलेल्या सवयी मोडल्या. सगळे पुन्हा एकत्र आल्यावर सुझानांनी शाळेच्या आरंभी आणि अखेरीस स्तोत्रे गाण्याचा प्रघात पाडला आणि मोठ्या मुलांवर धाकट्यांना वाचून दाखवण्याचे काम सोपवले. आठवड्यातली एकेक वेळ एकेका मुलाशी बोलण्यासाठीही त्यांनी राखून ठेवली होती. गुरुवार जॉनचा असे. विस्कटलेली घडी बसवताना त्यांनी आधी सूर लावला आणि कामाची वाटणी केली, हे विशेष.

मराठी वाचकाला पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आई लक्ष्मीबाई डोंगरे अधिक जवळच्या वाटतील. हे हिंदू कुटुंब सतत तीर्थयात्रेत असे. दिवसभर कामाचा रगाडा, म्हणून लक्ष्मीबाई मुलीला पहाटे उठवून संस्कृत शिकवत. शाळेची पायरी न चढता शिकलेल्या रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. लक्ष्मीबाईंनी दिवसातला हाती लागणारा एकच तुकडा धरला आणि तो सोडला नाही. मार्चमधल्या थकलेल्या पालकालाही हे जमण्यासारखे आहे: सकाळी गणित आणि वाचन व्हायलाच हवे, बाकीचे जमेल तसे.

‘होम एज्युकेशन’ या १८८६ मधल्या पुस्तकाच्या लेखिका शार्लट मेसन यांना जगभरचे ख्रिस्ती गृहशिक्षक आजही मानतात. लहान मुलांचे पाठ पंधरा-वीस मिनिटांचे असावेत, ऐकलेले मुलाने आपल्या शब्दांत सांगावे आणि बराच वेळ उघड्यावर जावा, असा त्यांचा आग्रह होता. माटुंग्यात त्यासाठी पाच उद्याने हाकेच्या अंतरावर आहेत. पीतमोहर फुलू लागला की वनस्पतिशास्त्राचा पाठ तिथेच होतो.

मदत मागण्यात कमीपणा नाही. आठवड्यातून एक सकाळ वडिलांनी किंवा दुसऱ्या कुटुंबाने मुले सांभाळली तर आईला श्वास घेता येतो. माटुंग्याला परिचित असलेल्या डॉन बॉस्को या कॅथलिक धर्मगुरूंच्या शिक्षणपद्धतीचे आधार विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे तीन आहेत. चिडलेल्या पालकाकडून यांतला तिसरा सर्वांत आधी निसटतो, म्हणून विश्रांती मुलाच्याही हिताची ठरते.

अभ्यासक्रम एप्रिलमध्ये संपलाच पाहिजे, ही धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावीची परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात आणि नोंदणी पाच वर्षे चालते. मार्चमध्ये अपुरे राहिलेले प्रकरण जुलैच्या पावसात, ताज्या मनाने, पुन्हा उघडता येते.