संस्कृत संभाषण : तद्विद्यसंभाषेची पहिली पायरी

आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमात संस्कृत प्रथम वर्षातच शिकविले जाते. विद्यार्थी रूपे पाठ करतात, अन्वय लिहितात आणि उत्तीर्ण होतात. तथापि पुढे संहिता उघडली की त्यांची दृष्टी मूळ सूत्रावर न थांबता खालच्या भाषांतराकडे वळते, हा आपणां सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. भाषांतरकाराने जेथे अर्थ संकुचित केला, तेथे त्या वैद्याचा विचारही संकुचित होतो. भाषा वहीत राहिली, जिव्हेवर आली नाही, हे याचे एक प्रमुख कारण होय.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. तिसऱ्या उपायाने संशय फिटतो व वचनशक्ती वाढते. संधाय संभाषेत निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, पराजयाच्या भयाने उद्विग्न होऊ नये आणि दुसऱ्यास जिंकल्याचा हर्षही करू नये, असा तेथे उपदेश आहे. भाषा शिकणाऱ्या दोन सहाध्यायांसही तो तंतोतंत लागू पडतो.

संस्कृत भारतीच्या दहा दिवसांच्या संभाषण शिबिरांनी सामान्य माणूसही सोपे संस्कृत बोलू शकतो हे दाखविले आहे. परंतु वर्गात नुसते ‘परस्परांशी संस्कृतात बोला’ असे सांगितल्यास मुले गप्प बसतात. जे दोघांनाही ठाऊक आहे ते विचारण्याचे प्रयोजनच नसते. म्हणून एकाजवळ असे काही असावे, जे दुसऱ्यास विचारूनच कळेल.

उदाहरणार्थ, एका विद्यार्थ्याजवळ द्रव्याची झाकलेली पुडी व त्याच्या गुणांचे टिपण द्यावे. दुसऱ्याने विचारावे, “कति रसाः?” उत्तर : “पञ्च.” “कः रसः नास्ति?” “लवणः.” “विपाकः कः?” “मधुरः.” येथवर हरीतकी व आमलकी दोन्ही संभवतात. “वीर्यं किम्?” या प्रश्नास “उष्णम्” असे उत्तर येताच हरीतकी निश्चित होते. याच रीतीने एकाने रुग्ण व दुसऱ्याने वैद्य होऊन “कुत्र वेदना?”, “कदा आरभ्य?” असे प्रश्नपरीक्षण करावे.

अध्यापकांनी दोन पथ्ये पाळावीत. बोलणे चालू असता विभक्तीची चूक दाखवू नये; ती टिपून ठेवावी व शेवटी सर्वांसमक्ष, कोणाचे नाव न घेता, सुधारावी. तसेच “पुनः वदतु”, “मन्दं वदतु” ही वाक्ये प्रथमच शिकवावीत, म्हणजे अडलेला विद्यार्थी मराठीकडे वळणार नाही.

औषधी निर्मात्यांनी व विक्रेत्यांनी जवळच्या महाविद्यालयास नमुनाद्रव्यांच्या पुड्या द्याव्यात. वैद्यांनी आपल्याकडील प्रशिक्षणार्थींसाठी आठवड्यातून अर्धा तास राखून ठेवावा. आज सहाध्यायास निर्भयपणे प्रश्न विचारणारा विद्यार्थीच उद्या संहितेलाही प्रश्न विचारू शकेल.