फुगा आणि फुगवटा

जत्रेत लहान मूल ज्या वस्तूसाठी हट्ट धरते, तिला आपण ‘फुगा’ म्हणतो. कोणी तिला ‘बलून’ असेही म्हणतात. वस्तू एकच, परंतु ही दोन नावे तिच्याकडे दोन निरनिराळ्या दृष्टींनी पाहतात.

‘बलून’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला. त्याचे मूळ इटालियन भाषेत सापडते. त्या भाषेत ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू व ‘पाल्लोने’ म्हणजे मोठा चेंडू. इंग्रजीतही प्रारंभी हवा भरलेल्या मोठ्या चेंडूच्या खेळाला हा शब्द लावीत. १७८३ साली फ्रान्समधील माँगोल्फिए बंधूंनी कापड व कागद यांची प्रचंड पिशवी तप्त हवेने भरून आकाशात सोडली, तेव्हा तिलाही हेच नाव मिळाले. रबराचा फुगा पुढे १८२४ साली मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगांसाठी केला.

‘बलून’ हा शब्द असा आकार सांगतो. ‘फुगा’ हा शब्द क्रिया सांगतो. तो ‘फुगणे’ या क्रियापदापासून झाला आहे. तव्यावरची भाकरी फुगते, भिजत घातलेले हरभरे फुगतात, रुसलेल्या बाळाचे गाल फुगतात. हिशेबातला आकडाही कोणी फुगवतो. आणि पोकळ बढाई उघडी पडली, की ‘फुगा फुटला’ असे आपण म्हणतो.

याच कुळातला ‘फुगवटा’ हा शब्द पिंपरी-चिंचवडच्या मुलांनी नीट ध्यानी धरावा. तेथून वाहणारी पवना नदी दापोडीजवळ मुळेला मिळते. पावसाळ्यात मुळा दुथडी भरून वाहू लागली, म्हणजे पवनेच्या पाण्याला पुढे पुरेशी वाट मिळत नाही. ते मागे तुंबते आणि काठावर चढू लागते. हाच फुगवटा होय. अशा वेळी आपल्या डोक्यावर पाऊस नसला, तरी दारापाशी पाणी येऊ शकते. म्हणून फुगवट्याची सूचना कानी पडताच काठच्या लोकांनी मुले, म्हातारी माणसे व गुरे यांना विनाविलंब उंच जागी न्यावे. ज्याला या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, तो कोरडे आकाश पाहून घरातच बसून राहील.

तेथून जवळच असलेल्या चाकणच्या कारखान्यांत मोटारी तयार होतात. आजच्या मोटारींत एक पिशवी घडी घालून ठेवलेली असते. जोराची टक्कर होताच ती डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी वायूने फुगते व पट्टा बांधून बसलेल्या माणसाचा आघात झेलते. तिला ‘एअरबॅग’ म्हणतात. परंतु तिचे काम पाहता तीही एक फुगाच नव्हे काय?