गर्भवती माता आणि फ्लूची औषधे

पावसाळा लागला की घरोघरी सर्दी-तापाचे रुग्ण दिसू लागतात. अशा वेळी घरातील सून गर्भवती असेल, तर 'दिवस गेलेत, गोळी नको, काढ्याने उतरेल ताप' असा सल्ला हमखास मिळतो. त्यामागील माया खरी असते. परंतु फ्लूच्या बाबतीत हा सल्ला मातेच्या जिवावर बेतू शकतो.

३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला. त्या साथीत जगभर असे आढळले की, गर्भवतींना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार फार जड जातो. वाढत्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा अपुरी पडते, हृदयावरील भार वाढतो, प्रतिकारशक्तीही बदलते. म्हणूनच केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी गर्भवतींना जोखमीच्या गटात धरले. फ्लूची लक्षणे दिसताच, चाचणीसाठी न थांबता, त्यांना ऑसेल्टामिविर (टॅमीफ्लू) सुरू करावे, असे त्यात सांगितले आहे.

मग बाळाचे काय? डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फ्रान्समध्ये गर्भारपणात या वर्गातील औषधे घेतलेल्या ५,८२४ स्त्रियांच्या नोंदी तपासण्यात आल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जन्मजात व्यंग, कमी वजन वा अकाली प्रसूती यांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. अगदी सुरुवातीच्या गर्भपातांविषयी मात्र त्या नोंदींतून फारसे कळत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मळमळ व उलटी हा नेहमीचा त्रास. जेवणानंतर गोळी घेतल्यास तो कमी होतो. उलट, पहिल्या तीन महिन्यांतील तीव्र ताप हाच गर्भाला अपायकारक ठरू शकतो.

तथापि, विषाणूविरोधी म्हणून मिळणारे प्रत्येक औषध निर्धोक नव्हे. २०२० च्या कोविड साथीत आपल्याकडे बरेच वापरले गेलेले फॅविपिराविर मूळचे जपानमधील फ्लूचेच औषध. प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भाला इजा आढळल्याने ते गर्भवतींना वर्ज्य आहे. कपाटात उरलेली पाकिटे म्हणूनच धोक्याची. डॉक्टरांची चिठ्ठी हवीच.

ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. सालेकसा, देवरीकडील आडवळणाच्या गावांत पहिला दिवस घरगुती उपायांत आणि दुसरा गाडीची वाट पाहण्यात जातो, ही खरी अडचण आहे. ताप आला त्याच दिवशी आशाताईंना कळवावे, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. उशीर झाला तरी जावेच. गंभीर रुग्णाला औषधाचा उपयोग नंतरही होतो. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न लावता गोंदियाचे बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

औषध चालू असताना बाळंतिणीने अंगावर पाजणे थांबवण्याचे कारण नाही. तोंडाला स्वच्छ फडके बांधावे, हात धुवावेत आणि बाळाला घ्यावे.